पस्तीस किलोतला एक दाणा

एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरात मी एक उद्योग केला. अंडं फोडलं, पांढऱ्यातला चमचाभर भाग ग्लासभर पाण्यात ढवळला, चिमूटभर मीठ आणि व्हिनेगरचे दोन थेंब टाकले आणि सगळं फडक्यातून गाळून घेतलं. गाळलेलं पाणी किंचित धुरकट, एरवी साधंच. मग लाइट गेल्यावर लागते ती मेणबत्ती पेटवली, स्टीलच्या चमच्यात ते पाणी घेतलं आणि ज्योतीवर धरलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कडेकडेनं पांढरं धरायला लागलं, आणि बघता बघता नासलेल्या दुधासारखे कण चमचाभर तरंगू लागले. बोट पोळलं. चमच्याची पाठ काजळीनं काळी झाली. ‘हा चमचा परत डब्यात ठेवायचा नाही,’ असं फर्मान निघालं. मी या उद्योगामागचं कारण सांगितलं असतं तर चमच्याबरोबर मलाही घराबाहेर ठेवलं असतं. कारण मूळ प्रयोग अंड्याच्या पाण्यावर केलेला नव्हता. तो लघवीवर केलेला होता.

लंडनच्या गाइज हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या वॉर्डात अंगावर सूज आलेली माणसं यायची. कुणाचे पाय सुजलेले, कुणाचं तोंड, कुणाच्या पोटात पाणी. ब्राइट त्यांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरायचे. काहींची तशीच उकळायची, काहींची अंड्यासारखी गोठायची. गोठणाऱ्यांपैकी कुणी दगावलं की शवविच्छेदनात त्यांची मूत्रपिंडं बघायची. ती खडबडीत, कडक, आक्रसलेली निघायची. सूज, गोठणारी लघवी आणि बिघडलेलं मूत्रपिंड ही तीन टोकं त्यांनी एकत्र बांधली आणि १८२७ साली ते छापलं. पुढची शंभर वर्षं डॉक्टर या दुखण्याला ‘ब्राइटचा आजार’ म्हणत राहिले.

आपले जुने वैद्यही लघवी बघायचे, तिला मुंग्या लागतात का ते पाहून मधुमेह ओळखायचे. पण मुंग्यांना साखर कळते. चमच्यात जे गोठतं ते वेगळं असतं. त्याचं नाव अल्ब्युमिन. अंड्याच्या पांढऱ्यावरूनच पडलेलं. आपल्या रक्तात सगळ्यात जास्त असणारं प्रथिन हेच. यकृत ते बनवतं, आणि रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवण्याचं काम बरंचसं तेच करतं. ते लघवीत सापडणं म्हणजे घरातली भांडी भंगारवाल्याच्या गाडीवर दिसण्यासारखं आहे. दार कुठेतरी उघडं राहिलंय.

हे दार किती घट्ट असतं याचा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा मला तो दोनदा तपासावा लागला.

दोन्ही मूत्रपिंडं मिळून वजन साधारण ३०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या अर्धा टक्का. पण हृदय जेवढं रक्त बाहेर ढकलतं त्याचा पाचवा हिस्सा या अर्ध्या टक्क्याकडे जातो. त्यातल्या रक्तपेशी सोडल्या, नुसता रक्तद्रव मोजला, तर मिनिटाला ६०० मिलिलीटरच्या आसपास. चोवीस तासांत ८६० लिटर. पाण्याच्या मोठ्या टाकीएवढा. यातला सुमारे १८० लिटर गाळला जातो आणि त्यातला १७८ लिटर परत आत ओढून घेतला जातो. उरलेला दीड-दोन लिटर आपण बाहेर टाकतो. आता अल्ब्युमिन. रक्तद्रवाच्या दर लिटरमध्ये ते ४० ग्रॅम असतं. ८६० गुणिले ४०. म्हणजे दिवसाकाठी चौतीस-पस्तीस किलो अल्ब्युमिन या गाळणीच्या दारावरून जातं. एवढं अर्थातच शरीरात नसतं. रक्तात एका वेळी असतं सव्वाशे ग्रॅमच्या आतबाहेर, पण तेच तेच दिवसभर फिरून येतं.

आणि या पस्तीस किलोंतलं लघवीत किती सांडतं? धडधाकट माणसात ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी.

तांदळाचा एक दाणा वजनाला वीस-पंचवीस मिलिग्रॅम भरतो. म्हणजे पस्तीस किलोचं पोतं रोज दारातून आत-बाहेर न्यायचं आणि दिवसभरात सांडायचा एक दाणा. आपण मूत्रपिंडाला गाळणी म्हणतो. चहाच्या गाळणीवर तो अन्याय नसेल. पण मूत्रपिंडावर नक्कीच आहे.

ही करामत करणाऱ्या यंत्रणेला नेफ्रॉन म्हणतात. एका मूत्रपिंडात साधारण दहा लाख. प्रत्येकाच्या तोंडाशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंडा असतो, आणि त्या वाहिन्यांना बाहेरून पाय असलेल्या पेशींनी मिठी मारलेली असते. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफून बघा. त्या पेशींचे पाय तसेच एकमेकांत अडकलेले असतात, आणि बोटांमधल्या फटींवर पुन्हा एक अतिशय तलम पडदा ताणलेला असतो. पाणी, मीठ, युरिया, साखर त्यातून जातात. अल्ब्युमिन अडतं. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली किंवा आतला दाब चढा राहिला की हे गुंफलेले पाय सैल पडतात, काही पेशी गळूनच जातात. तेव्हा एकाचे दोन दाणे होतात, दोनाचे दहा. माणसाला यातलं काही जाणवत नाही. दुखत नाही, सूज नाही, लघवी भरपूर. अल्ब्युमिन बरंच जायला लागलं की फेस येतो, अंड्याचं पांढरं फेटल्यावर येतो तसाच, पण तोवर बरेच दिवस गेलेले असतात.

न जाणवण्याचं कारण मूत्रपिंडाचा स्वभाव. एखाद्या आडतीवर दहा हमाल आहेत असं समजा. त्यातले चार आजारी पडले. उरलेले सहा प्रत्येकी जास्त पोती उचलतात, गाडी वेळेवर भरते, गादीवर बसलेल्या शेठला पत्ताच लागत नाही. नेफ्रॉन नेमकं हेच करतात. काही मेले की उरलेले फुगतात आणि आपल्या वाट्याहून जास्त गाळतात. एक मूत्रपिंड दान केलेली माणसं ठणठणीत जगतात ती याच जोरावर. पण अमेरिकेतले बॅरी ब्रेनर आणि त्यांचे सहकारी यांनी उंदरांवर काम करून १९८२ साली एक अस्वस्थ करणारी गोष्ट मांडली. नेफ्रॉन फारच कमी उरले की ही जादा मेहनतच त्यांना मारते. सहांचे पाच होतात, पाचांवर आणखी ओझं, पाचांचे चार. मूळ आजार बाजूला राहतो आणि घसरण स्वतःच्या वजनानं चालू राहते. शेठला अजूनही पत्ता नसतो.

या गोष्टीतला शेठ म्हणजे क्रिएटिनिन.

दिल्लीत कुठल्याही कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये ‘केएफटी’, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाची तपासणी, करून मिळते आणि घराघरांत क्रिएटिनिन हा शब्द आता बीपी-शुगरइतका रुळलाय. ‘क्रिएटिनिन किती?’ ‘वन पॉइंट वन.’ ‘मग काय, मस्त!’ क्रिएटिनिन हा स्नायूंच्या रोजच्या झिजेतून निघणारा कचरा. रोज साधारण तेवढाच तयार होतो, मूत्रपिंड तो बाहेर टाकतं. रक्तात तो साठू लागला म्हणजे टाकणारा मंदावला. कल्पना सुरेख आहे, आणि ते मोजायची रीत त्याहून सुरस. १८८६ साली माक्स याफे नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला दिसलं की क्रिएटिनिन पिक्रिक आम्लाशी अल्कलीत मिसळलं की केशरी-लाल रंग येतो. पिक्रिक आम्ल म्हणजे तेच, जे पुढे तोफगोळ्यांत स्फोटक म्हणून भरलं गेलं. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, अजूनही असंख्य लॅबमध्ये यंत्राच्या पोटात हाच केशरी रंग मोजला जातो.

गोम आकड्याच्या चालीत आहे. मूत्रपिंडाचं काम निम्म्यावर आलं की क्रिएटिनिन दुप्पट होतं, असा ढोबळ हिशेब. एखाद्या किरकोळ बांध्याच्या बाईचं तरुणपणी ०.६ होतं. पंचवीस वर्षांत १.२ झालं. रिपोर्टवर छापलेली मर्यादा बहुधा ०.६ ते १.२ अशीच काहीतरी असते. दोन्ही वेळा आकड्याशेजारी लाल खूण नाही, दोन्ही वेळा ‘नॉर्मल’. आणि मधल्या काळात अर्धं दुकान बंद झालंय. पुढे हेच क्रिएटिनिन ४ वरून ८ वर जातं तेव्हा घरात रडारड होते. पण ४ वर असताना शिल्लकच इतकी थोडी असते की तिचं निम्मं गेलं तरी गेलेलं थोडंच. मोठं नुकसान आधीच, त्या लाल खूण नसलेल्या वर्षांत, होऊन गेलेलं असतं.

म्हणून आता क्रिएटिनिनला वय आणि स्त्री-पुरुष भेद जोडून ‘ईजीएफआर’ नावाचा आकडा काढतात. मिनिटाला किती मिलिलीटर गाळलं जातं त्याचा अंदाज. १०० च्या आसपास म्हणजे छान. ६० च्या खाली तीन महिने राहिला तर मूत्रपिंडाचा जुनाट आजार. १५ च्या खाली शेवटचा टप्पा. १.१ हाच आकडा घ्या. २०२१ च्या सूत्रात घातला तर पंचवीस वर्षांच्या मुलाचा ईजीएफआर ९६ येतो आणि पासष्ट वर्षांच्या बाईचा ५६. मुलगा ठणठणीत, आजीला जुनाट आजार. आणि दोघांच्या कागदावर तेच १.१. त्यातही ही सूत्रं परदेशातल्या माणसांवर बेतलेली. आपल्याकडे स्नायू कमी, ताटात मांस कमी, म्हणून क्रिएटिनिन मुळातच कमी. चंदीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष मोजून पाहिलं तर सूत्रांनी काढलेला आकडा खऱ्याहून जास्त निघाला. म्हणजे आधीच आळशी असलेल्या शेठला वर चुकीचा चष्मा.

आता दिल्लीचं एक कोडं सांगतो. मला या सगळ्या विषयात ओढलं ते या कोड्यानं.

एम्समधले डॉ. संजय अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या वस्त्यांमध्ये जाऊन मोठ्या माणसांचं रक्त तपासलं. हॉस्पिटलात आलेल्यांचं नाही, घरी बसलेल्यांचं. आपल्या देशात असं काम तोवर जवळपास झालंच नव्हतं. ४,७१२ नमुन्यांत ३७ जणांची मूत्रपिंडं निकामी होत चाललेली सापडली. २००५ साली हे प्रसिद्ध झालं. शंभरात एकही पुरता नाही. मग २०१० साली दिल्लीच्या लष्करी हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी केंद्र सरकारच्या वरकरणी धडधाकट कर्मचाऱ्यांचा अभ्यास छापला. तेरा ते पंधरा टक्के! २०१५ साली दिल्ली आणि चेन्नई या दोन शहरांचा ‘कार्स’ अभ्यास आला. त्यात ८.७ टक्के, म्हणजे बारातला एक. दहा वर्षांत दिल्ली दहापट आजारी पडली की काय? हवा वाईट आहे हे खरं, पण इतकीही नाही.

बदललं होतं ते जाळं. २००५ च्या अभ्यासात क्रिएटिनिन १.८ च्या वर आणि तीन महिने वरच राहिलेलं असेल तरच माणूस मोजला. पन्नाशीच्या पुरुषात १.८ म्हणजे ईजीएफआर ४५ च्या आसपास, निम्म्याहून जास्त काम गेलेलं. मोठ्या भोकांच्या जाळ्यात मोठे मासेच सापडणार. तेव्हा तो आकडाही धक्कादायकच होता, कारण दर दहा लाखांत ७,८५२ असा तो मांडला की दिल्लीएवढ्या शहरात किती डायलिसिसची यंत्रं लागतील हे कळतं. पुढच्या अभ्यासांनी ईजीएफआरच्या सूत्रांचं बारीक जाळं टाकलं. ‘कार्स’नं तर लघवीतलं अल्ब्युमिनही बघितलं, आणि तिथे सापडलेल्यांतल्या बहुतेकांना पकडून दिलं ते लघवीनं. रक्तानं नाही. त्यांचं क्रिएटिनिन अजून ‘मस्त’ होतं. या लोकांतल्या पाचातल्या चौघांची साखर किंवा वरचं बीपी, किंवा दोन्ही, वाढलेलं होतं.

म्हणजे २००५ ते २०१५ मध्ये आपल्याला दिसलं ते पाण्याखालचं. ते आधीही तिथेच होतं.

ते वर येतं केव्हा? देशभरातल्या ५२ हजारांवर रुग्णांची नोंद असलेल्या भारतीय सीकेडी (मूत्रपिंडाचा जुनाट आजार) रजिस्ट्रीचा अहवाल २०१२ साली छापून आला. मूत्रपिंडाच्या डॉक्टरकडे नोंद झाली तेव्हाच जवळपास निम्मे लोक, ४८ टक्के, पाचव्या म्हणजे शेवटच्या टप्प्यात होते. सरासरी वय पन्नास. पन्नाशीचा कर्ता माणूस उलट्या होतात, दम लागतो, जेवण जात नाही म्हणून येतो आणि पहिल्याच भेटीत आठवड्यातून तीनदा, चार-चार तासांच्या डायलिसिसची भाषा ऐकतो. सोळा टक्क्यांचं तर मूळ कारणच कळलं नाही. इतक्या उशिरा मूत्रपिंड आक्रसलेलं असतं आणि आक्रसलेली सगळी मूत्रपिंडं सारखीच दिसतात. दिल्लीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलांच्या फुटपाथवर बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली कुटुंबं पिशवीत फायली घेऊन झोपलेली असतात. त्या फायली किती जाड असतात ते जाता-येता दिसतं. त्यांतल्या कितीकांत लघवीतल्या अल्ब्युमिनचा एखादा जुना रिपोर्ट असेल, असा प्रश्न मला आता हटकून पडतो.

दिल्लीचीच आणखी एक गोष्ट इथे जोडावीशी वाटते, जरी ती मूत्रपिंडासाठी सुरू झालेली नव्हती. १९६९ ते १९७२ या काळात सफदरजंग हॉस्पिटलच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शांती घोष यांच्या पथकानं दक्षिण दिल्लीतल्या बारा चौरस किलोमीटरच्या भागात घरोघर जाऊन वीस हजारांवर विवाहित स्त्रियांची नोंद केली आणि त्यांना झालेली आठ हजारांवर बाळं वजन-उंची मोजत वाढताना पाहिली. तीस वर्षांनी डॉ. संतोष भार्गव आणि इतरांनी त्यातली दीड हजार मोठी झालेली ‘बाळं’ शोधून काढली. फाळणीनंतर वसलेल्या, सतत घरं बदलणाऱ्या शहरात! २००४ साली निष्कर्ष आला: जी मुलं पहिल्या दोन वर्षांत बारीक होती आणि नंतर झपाट्यानं भरत गेली, त्यांच्यात तिशीतच साखरेची गडबड जास्त. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक खेड्यातल्या बाळांकडे बघून याच दिशेनं चालले होते. दिसायला काडी पण आतून चरबी धरणारं भारतीय बाळ, ही त्यांचीच कल्पना.

याचा मूत्रपिंडाशी धागा असा. नेफ्रॉन आईच्या पोटातच तयार होतात. साधारण छत्तिसाव्या आठवड्याला कारखाना बंद. त्यानंतर आयुष्यभर एकही नवा नाही. जन्मतःच कुणाकडे मूत्रपिंडामागे दोन लाख असतात, कुणाकडे वीस लाखांच्या वर, आणि अमेरिकेतल्या शवविच्छेदनांवरून केलेल्या एका मोजणीत जन्माच्या वजनातल्या दर जादा किलोमागे सुमारे अडीच लाखांचा फरक दिसला. दक्षिण दिल्लीतल्या त्या बाळांचं सरासरी वजन २.८ किलोच्या आसपास होतं. म्हणजे कमी हमालांनिशी आडत सुरू करायची आणि मधुमेहही लवकर ओढवून घ्यायचा. गरीब देशांत मूत्रपिंडाचा आजार तरुण वयात का दिसतो, याचं उत्तर निदान काही अंशी जन्माच्या वजनकाट्यावर आहे. मला हे कळलं तेव्हा मी आईला फोन करून माझं जन्माचं वजन विचारलं. ‘बरं होतं,’ म्हणाली.

ठीक, पण लवकर कळून उपयोग काय? पन्नास वर्षांपूर्वी हा प्रश्न रास्त होता. आज नाही, आणि त्याची कारणं सापाच्या विषात आणि सफरचंदाच्या सालीत आहेत.

ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की माणसाचं बीपी धाडकन पडतं. त्या विषातल्या रेणूची नक्कल करत कॅप्टोप्रिल हे बीपीचं औषध तयार झालं. १९९३ साली लघवीतून प्रथिन जाणाऱ्या मधुमेह्यांवर ते वापरलं तेव्हा क्रिएटिनिन दुप्पट होण्याचा धोका जवळपास निम्म्यानं घटला. हे औषध नेफ्रॉनच्या गुंड्यातून रक्त बाहेर नेणारी वाट रुंद करतं. आतला दाब उतरतो. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली फ्लोरिझिन नावाचं कडू द्रव्य काढलं होतं. त्यानं लघवीतून साखर जाते हे पुढे कळलं, आणि त्याच्या वंशातली डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं मधुमेहासाठी आली. ती नेफ्रॉनकडे रक्त आणणारी वाट आवळतात. २०२० साली चार हजारांवर रुग्णांवरच्या चाचणीत डापाग्लिफ्लोझिननं मूत्रपिंडाची घसरण मोठ्या प्रमाणात रोखली. मधुमेह नसलेल्यांचीही! एक औषध पुढचा नळ आवळतं, दुसरं मागचा सोडतं. दोन्ही मिळून हमालांच्या पाठीवरचं जादा पोतं उतरवतात. गंमत म्हणजे ही औषधं सुरू केल्यावर सुरुवातीला क्रिएटिनिन थोडं वाढतं. ओझं उतरलं म्हणून काम थोडं कमी झालं, इतकंच. पण रिपोर्टवरचा आकडा बघून घाबरून स्वतःच गोळी बंद करणारे लोक मी पाहिलेत. भारतात या दोन्ही औषधांची मूळ पेटंट संपली आहेत, डापाग्लिफ्लोझिनचं २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये, आणि रोजची गोळी चहाच्या कपाच्या भावाला आली आहे. औषध स्वस्त झालं. ते कुणाला द्यायचं ते कळण्याचीच वाट.

आणि ते कळायला चमचाच पुरे, किंवा त्याची नात. लघवी तपासायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर जो प्रथिनाचा पिवळा चौकोन असतो तो एक मजेशीर फसवणूक करतो. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. हळद आम्ल-अल्कली ओळखते. पट्टीवरचा रंगही तसाच, आम्लात पिवळा, आम्ल कमी झालं की हिरवा-निळा. पण त्या चौकोनात मुद्दाम इतकं आम्ल भरून ठेवलेलं असतं की लघवी कशीही असो, आम्लता बदलत नाही. तरी अल्ब्युमिन आलं की ते रंगद्रव्याला बिलगून त्याचा हायड्रोजन हिसकावतं, आणि बिचाऱ्या रंगाला वाटतं आम्ल गेलं. तो हिरवा होतो. रसायनशास्त्रज्ञांना ही ‘चूक’ १९०९ पासून माहीत होती. ती निस्तरण्याऐवजी कुणीतरी कामाला लावली आणि १९५७ साली पट्टी बाजारात आली. मिनिटभरात उत्तर, काही रुपयांत.

पट्टीलाही मर्यादा आहे. अल्ब्युमिन बरंच जायला लागल्याशिवाय ती नीट हिरवी होत नाही. एक-दोन दाण्यांचं सांडणं मोजायची युक्ती हॅरी कीन यांनी १९६३ साली काढली. कुठे? गाइज हॉस्पिटलात. ब्राइटच्याच. आज लॅबच्या यादीत ‘युरीन मायक्रोअल्ब्युमिन’ किंवा ‘एसीआर’ म्हणून असते ती त्याच घराण्यातली तपासणी. एसीआर म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन भागिले लघवीतलं क्रिएटिनिन. भागाकार कशाला? दिल्लीत मे महिन्यात ४५ अंशांत फिरून आलेल्या माणसाची लघवी घट्ट असते, जानेवारीत रजईत चहा पिणाऱ्याची पातळ. नुसतं अल्ब्युमिन मोजलं तर हवामान मोजल्यासारखं होईल. क्रिएटिनिन मात्र रोज साधारण ग्रॅमभर, कधी थोडं वर, पडतंच. ते माप म्हणून धरलं की पातळ-घट्ट फिटतं. रक्तात उशिरा बोलणारं क्रिएटिनिन लघवीत बिनबोभाट मापट्याचं काम करतं. उत्तर ३० च्या आत हवं. ३० च्या वर आलं तर लगेच हाय खायची नाही. ताप, जोराचा व्यायाम, पाळी, लघवीतला जंतुसंसर्ग यांनीही ते तात्पुरतं वाढतं. तीन महिन्यांत पुन्हा करायची, वरच राहिलं तर खरं.

सगळ्यांनाच रांगेत उभं करून तपासा असं मी म्हणत नाही. वयाबरोबर ईजीएफआर आपोआप उतरतो आणि सत्तरीच्या निरोगी आजोबांना उगाच रोगी ठरवण्यात काही शहाणपण नाही. पण साखर आहे, बीपी आहे, घरात कुणाला डायलिसिस लागलं होतं, गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं दुकानातून आणून वेदनाशामकं खाल्ली आहेत, अशांची तरी? चेन्नईजवळच्या खेड्यांत डॉ. एम. के. मणी यांच्या किडनी हेल्प ट्रस्टनं शाळा शिकलेल्या गावातल्याच मुलींना हाताशी धरून घरोघर बीपी मोजलं आणि लघवीत सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकून ती गढुळते का ते पाहिलं. मेणबत्तीसुद्धा नाही. सापडलेल्यांना साखरेची आणि बीपीची स्वस्त औषधं दिली. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीवरच्या माणसाकडे आशाताई ज्या पाच गोष्टींसाठी येतात त्या म्हणजे बीपी, साखर आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कर्करोग. बीपी आणि साखर पाहिली जातेच, म्हणजे अर्धी वाट त्या चालून आलेल्या असतात. सहावी गोष्ट त्यांच्या पिशवीत पट्टीच्या डबीच्या रूपानं मावेल.

चमच्याच्या उद्योगानंतर चार दिवसांनी मी लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म बघून विचारलं, ‘शुगर है अंकल?’ नाही म्हटलं. ‘बीपी?’ थोडंसं. ‘डॉक्टरने लिखा है?’ नाही. तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग झाकणाची डबी पुढे सरकवली. ‘कल सुबह का पहला लाना.’ दुसऱ्या दिवशी डबी वर्तमानपत्रात गुंडाळून, डब्याच्या पिशवीत उभी राहील अशी धरून मी रिक्षानं गेलो, खड्ड्याखड्ड्याला काळजी.

रिपोर्ट संध्याकाळी मोबाइलवर आला. एसीआर ११. दिवसाचा साधारण हिशेब धरला तर अकरा मिलिग्रॅम, म्हणजे पुरता दाणाही नाही. कणी.